तुम्ही विचारलंत म्हणून : कोडच्या अवघडपणाचा आकडा

‘हा कोड समजायला किती अवघड आहे, ते एका आकड्यात सांगा,’ असे मला इतक्यांदा विचारले जाते की आता उत्तर लिहूनच ठेवतो.

आकडे आहेत, मी ते दडवलेले नाहीत. १९७६ साली थॉमस मॅकेब या संगणकतज्ज्ञांनी कोडमधल्या निर्णयाच्या जागा, म्हणजे ‘असे असेल तर’ म्हणत जिथे वाट फुटते त्या, मोजून त्यांत एक मिळवायला सांगितले आणि १० ही मर्यादा सुचवली. मात्र त्यांनी मोजले ते कोडमध्ये असते, आणि तुम्ही विचारता ते वाचणाऱ्याच्या डोक्यात घडते.

एका कामात सवलत ठरवणारे एक फंक्शन, म्हणजे एक काम करणारा कोडचा तुकडा, होते. एकच स्विच, म्हणजे अनेक वाटांतून एक निवडणारी रचना, त्यात बारा केस म्हणजे वाटा, प्रत्येकीत एक ओळ आणि सर्वांत शेवटी राउंडिंग, म्हणजे रक्कम गोल करणे. मॅकेबच्या हिशेबाने १३, म्हणून हा आकडा तपासणाऱ्या टूलने मर्ज, म्हणजे मुख्य कोडात तो मिसळण्याची पायरी, अडवला. हे वरून खाली सरळ वाचता येते, असे मी रिव्ह्यूमध्ये लिहिले. उत्तर आले की नियम सर्वांना सारखा. मग फंक्शनचे चार तुकडे झाले, जे एकच ऑब्जेक्ट, म्हणजे माहितीचा गठ्ठा, आपापसांत फिरवून त्यातली रक्कम बदलत, आणि त्या गडबडीत राउंडिंगची ओळ दुसऱ्या तुकड्यात गेली. रिपोर्ट हिरवा झाला. पुढे रकमा चुकू लागल्या, तेव्हा नव्याने आलेली सहकारी दिवसभर या तुकड्यातून त्या तुकड्यात फिरत राहिली, कारण चौथा तुकडा गोल झालेली रक्कम कच्ची समजून तिच्यावर टक्के लावत होता आणि हे कोणत्याही एका तुकड्यात दिसत नव्हते. तिने कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटमधून जुनी आवृत्ती उघडली, तेव्हा राउंडिंग शेवटी होते हे दिसले आणि दोष तिथल्या तिथे सापडला. त्यावर बैठकीत प्रश्न आला, ‘पण स्कोअर सुधारला होता ना?’ सुधारला होता, हेही खरेच.

सोनारसोर्स या कंपनीच्या ‘कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी’ या मापात अख्ख्या स्विचचा एकच गुण धरतात, त्यामुळे तिथे हा अन्याय टळला असता, पण फिरणाऱ्या ऑब्जेक्टचा त्रास त्या मापालाही मोजता येत नाही. संशोधक स्कालाब्रिनो आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली १२१ मापे तपासली. त्यांतल्या एकालाही आकलनाचा अवघडपणा पकडता आला नाही.

त्या प्रसंगानंतर मी म्हणत असे, आकडे फेकून द्या. आज तसे म्हणवत नाही, कारण आकडा नसला की ‘मला समजते, म्हणजे सोपे आहे’ म्हणणाऱ्या ज्येष्ठाचा शब्द अखेरचा ठरतो, आणि बहुतेक वेळा तो कोड त्यानेच लिहिलेला असतो. म्हणून मी वाचणाऱ्याला एक इनपुट देऊन आउटपुट विचारतो, लागलेला वेळ आणि उत्तराचा बरोबरपणा नोंदतो. यावरही तुम्ही विचाराल की वाचायला कोणाला बसवायचे, कोडमागचा व्यवहार जाणणाऱ्याला की नवख्याला? दोघांचे निकाल एकाच कोडवर वेगळे येतात, आणि त्यांची सरासरी काढून तुमच्या हाती ठेवायला माझे मन अजून तयार होत नाही.