गाडी मागे वळवायची नाही

"मॅडम, माझ्या गाडीवर कायम बोटभर धूळ असते, टेबलावर पसारा असतो म्हणून घरी बोलणी खातो, मग मला ओसीडी कसा असेल?" पहिल्या भेटीत त्यांनी मला हे विचारलं होतं आणि अगदी मनापासून विचारलं होतं. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, ओसीडीचे (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, म्हणजे नको ते विचार परत परत येणं आणि ते घालवायला तीच तीच कृती करत राहणं) पेशंट रोजच बघते, आणि अजूनही बहुतेकांच्या डोक्यात ओसीडी म्हणजे सारखे हात धुणारा नाहीतर वस्तू सरळ रेषेत लावणारा माणूस एवढंच असतं. ज्या दिवसाबद्दल लिहायचंय त्या दिवशी मी केबिनमध्ये नव्हते, या पेशंटच्या गाडीत त्यांच्या शेजारच्या सीटवर बसले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, आणि त्यांना विचारूनच लिहितेय.)

आधी त्रास काय होता ते सांगते. नोकरीमुळे रोज गाडी चालवावी लागायची. चाकाखाली खड्डा आला, स्पीड ब्रेकर आला, एखादा दगड जरी आला तरी डोक्यात यायचं, 'आत्ता जे लागलं तो माणूस असेल का?' मग गाडी वळवून मागे जायचं, रस्त्यावर कोणी पडलंय का बघायचं, कोणी नाही. पण मागे जाताना शेजारून एक सायकलवाला गेलेला असायचा, मग आता त्याला धक्का लागला का हे बघायला परत वळायचं. अर्ध्या तासाच्या रस्त्याला दोन-अडीच तास. घरी आल्यावर मोबाईलच्या टॉर्चने बंपर बघायचा, रात्री सगळे झोपले की डॅशकॅमचं रेकॉर्डिंग लावून बसायचं, मग बातम्यांमध्ये कुठे अपघात झालाय का ते शोधायचं. पोलीस दारात येणार अशी वाट बघत रात्री काढल्यात त्यांनी. आणि हा माणूस इतका जपून गाडी चालवतो की मागचे हॉर्न वाजवून वैतागतात.

बायकोचं ऐकलं तेव्हा मला जास्त वाईट वाटलं. ती म्हणाली, "यांचा ड्राइव्ह संपेपर्यंत मी फोन चालू ठेवून कानाला लावून बसते, मध्येच हे विचारतात काही आवाज आला का गं, मी नाही म्हणते, दोन मिनिटांनी परत तेच." तिने हे प्रेमापोटीच सुरू केलं होतं. ओसीडीच्या बहुतेक घरांमध्ये हे होतंच, घरातलं माणूस नकळत त्या आजाराच्या ड्युटीवर लागतं, आणि दर वेळी 'नाही हो, काही झालं नाही' म्हटलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं पण पुढच्या वेळी परत विचारायची गरज अजून वाढते. खाज खाजवल्यासारखं आहे ते, खाजवताना बरं वाटतं आणि म्हणूनच थांबता येत नाही.

त्यांना मी कागदावर एक गोल काढून दाखवला होता. नको असलेला विचार येतो, त्याने भीती किंवा प्रचंड शंका येते, ती घालवायला माणूस काहीतरी करतो, थोडा वेळ हायसं वाटतं, आणि मेंदू शिकतो की बरं झालं आपण ते केलं, नाहीतर काहीतरी झालं असतं. मग पुढचा विचार अजून जोरात येतो. विचाराचा विषय प्रत्येकाचा वेगळा, गोल तोच. कोणाला जंतूंची भीती आणि धुणं, कोणाला गॅस, कुलूप, इस्त्री परत परत बघणं, कोणाला एखादी गोष्ट 'बरोबर वाटेपर्यंत' पुन्हा करत राहणं (यात भीतीसुद्धा नसते कधी कधी, नुसती आतून एक अस्वस्थता असते), कोणाला देवाबद्दल घाणेरडे विचार, कोणाला स्वतःच्याच बाळाला आपण इजा करू असे विचार. हे शेवटचे दोन प्रकार लोक वर्षानुवर्षं कोणालाच सांगत नाहीत. त्याच दिवशी सकाळी एक नवीन आई येऊन गेली होती, बाळाला अंघोळ घालायला घाबरते कारण 'मी त्याला पाण्यात दाबलं तर' असा विचार येतो, आणि ती रडत रडत विचारत होती की मला राक्षसीण समजून तुम्ही बाळ काढून तर नाही ना घेणार? तिला हे विचार सहन होत नाहीत, ती त्यांना घाबरून बाळापासून लांब पळतेय, ओसीडीत हे विचार माणसाच्या स्वभावाच्या, इच्छेच्या बरोब्बर उलट असतात. तिची केस वेगळी लिहायला हवी, इथे एवढंच सांगते की असे विचार येणारी आई वाईट आई नसते आणि तिने डॉक्टरला ते शब्दशः सांगावेत, मी तरी तिला तेच सांगितलं.

असे विचार फक्त आजारी माणसांना येतात असंही नाहीये. रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये साध्या, कुठलाही आजार नसलेल्या लोकांना विचारलं तेव्हा साधारण 80 टक्के लोकांनी सांगितलं की हो, आम्हालाही असे नको ते विचार येतात. फरक पुढे पडतो. बाकीच्यांच्या डोक्यातून तो विचार निघून जातो, ओसीडीवाल्याला तो धोक्याची घंटा वाटतो आणि ती बंद करायची जबाबदारी फक्त आपलीच वाटते.

माझ्या या गाडीवाल्या पेशंटना सायकियाट्रिस्टनी गोळ्या आधीच सुरू केल्या होत्या, एसएसआरआय गटातल्या, ज्या डिप्रेशनलाही देतात. त्याबद्दल एक सांगायलाच हवं कारण यातच बरेच जण हार मानतात, डिप्रेशनला जो डोस पुरतो त्यापेक्षा ओसीडीला बऱ्याचदा जास्त लागतो आणि फरक दिसायला 8 ते 12 आठवडे जाऊ शकतात, पंधरा दिवसांत गोळी लागू पडली नाही म्हणून बंद करणारे किती तरी बघितलेत. (बंद करायची असेल तरी डॉक्टरला विचारून हळूहळू, मनाने कधीच नाही.) आणि थेरपी म्हणजे ईआरपी, एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. ज्याची भीती वाटते तिथे ठरवून जायचं आणि नंतरची ती कृती करायची नाही. 1966 मध्ये व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने इंग्लंडमध्ये दोन पेशंट्सवर याची सुरुवात केली, त्याआधी ओसीडी बरा होणं जवळपास अशक्यच धरलं जायचं. ऐकायला सोपं आहे. करायला अतिशय अवघड आहे, आणि म्हणून पायरीपायरीने करतात. आमच्या पायऱ्या झाल्या होत्या, बंद गाडीत बसणं, रिकाम्या मैदानात चालवणं, बंपर न बघता झोपणं, डॅशकॅमचं कार्ड बायकोकडे देणं. आता गर्दीचा रस्ता होता.

निघायच्या आधी नियम ठरले. आरशात कुठलाही ड्रायव्हर बघतो तितकंच बघायचं, मागे जायचं नाही, मला विचारायचं नाही, आणि विचारलं तरी मी उत्तर देणार नाही. भीती शून्य ते शंभरमध्ये किती ते मी मधून मधून विचारणार. निघताना चाळीस म्हणाले.

पहिला स्पीड ब्रेकर शाळेजवळ आला आणि मुलं सुटायची वेळ होती, तीच वेळ आम्ही मुद्दाम निवडली होती. चाकं खाली उतरल्याचा धप्प आवाज झाला आणि त्यांनी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं की बोटं पांढरी पडली. "ऐंशी." थोडं पुढे गेल्यावर, "मॅडम, तुम्हाला काही वेगळा आवाज आला का?" मी म्हटलं, आपलं ठरलंय, याचं उत्तर देणार नाही. मग ते चिडले, खरोखर चिडले, "तिकडे एखादं पोरगं पडलं असेल आणि तुम्ही मला नियम सांगताय?" मला आतून फार वाटत होतं की म्हणावं, अहो काही नाही झालं, मी बघितलंय, सगळी मुलं फुटपाथवर होती. एक वाक्य, आणि त्यांचा चेहरा लगेच सैल झाला असता. पण त्या वाक्यानेच तर इतकी वर्षं त्यांची वाट लावलीये. मी म्हटलं, "शंभर टक्के खात्री तुम्हाला आत्ता मिळणार नाही. खात्री नसतानाच आपण पुढे जातोय."

नंतर दोन ब्रेकर गेले आणि ते एकदम शांत झाले. आकडा पन्नासवर आला, मग तीस. इतक्या पटकन? त्यांच्याकडे बघितलं तर डोळे रस्त्यावर होते पण उजव्या हाताचं बोट स्टिअरिंगवर हळूच टकटक करत होतं, थांबत थांबत, काहीतरी मोजावं तसं. विचारलं, आत्ता मनात काय चाललंय? थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "रिवाइंड करतोय. शाळेपासून इथपर्यंत. पिवळा दप्तरवाला मुलगा डावीकडे, ओके. दोन बायका, ओके. स्कूटर, ओके. सगळे मोजून झाले की बरं वाटतं."

म्हणजे गाडी मागे वळली नव्हती पण डोक्यात ते मागे जाऊन आले होते. हे मला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं की ओसीडीतली कृती दिसतेच असं नाही. मनातल्या मनात मोजणं, चांगला विचार करून वाईट विचार पुसणं, ठराविक प्रार्थना ठराविक वेळा म्हणणं, आठवून आठवून खात्री करणं, हे सगळं हात धुण्याइतकंच खरं आहे. 'मला नुसते विचारच येतात, मी काही करत नाही' म्हणणाऱ्या पेशंट्सना नीट विचारलं की असं काहीतरी जवळजवळ नेहमी सापडतं, आणि ते तसंच चालू राहिलं तर पेशंट बिचारा हिमतीने सगळ्या पायऱ्या चढतो आणि आजार आपला आतल्या आत पोसला जातो. म्हणून डॉक्टरकडे जाल तेव्हा विचार काय येतात ते सांगाच, पण विचार आल्यावर तुम्ही काय करता, मनात काय करता, तेही सांगा.

मी त्यांना म्हटलं, रिवाइंड सुरू झालं की त्याच्या आड एक वाक्य आणायचं, मोठ्याने म्हणायचं. 'कदाचित मी आत्ता कोणाला तरी उडवलं असेल आणि मला ते कधीच कळणार नाही.' त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की ही बाई वेडी झालीये. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा आवाज फुटत नव्हता. पंच्याण्णव. पुढच्या चौकात त्यांनी उजवा इंडिकेटर दिला, यू-टर्नसाठी. मी काही बोलले नाही. सिग्नल लाल होता, इंडिकेटर टिकटिक करत होता, आणि ते तेच वाक्य पुटपुटत होते, घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. सिग्नल सुटायच्या आत त्यांनी स्वतःच इंडिकेटर बंद केला. सरळ गेलो. मी अभिनंदन वगैरे केलं नाही, नुसतं विचारलं किती, तर म्हणाले "नव्वद, पण चालवतोय."

हे 'नव्वद, पण चालवतोय' मला त्या दिवसात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. पूर्वी ईआरपीमध्ये भीती खाली येईपर्यंत थांबायचं यावर सगळा भर असायचा, आता आम्ही हेही बघतो की भीती वर असतानाही माणूस त्याला करायचंय ते करू शकतो का, आणि त्याने जे होईल असं धरलं होतं ते तसंच झालं का. त्यांनी धरलं होतं, 'मागे गेलो नाही तर मला वेड लागेल, मी गाडी चालवूच शकणार नाही.' तासभर चालवली. शेवटी आकडा पंचेचाळीसच्या आसपास होता, शून्य वगैरे झाला नव्हता.

उतरल्यावर त्यांची नजर बंपरकडे गेली आणि त्यांनी ती वळवली, ते मी बघितलं. बायकोला बोलावून घेतलं होतं. तिच्याशी आधीच बोलणं झालं होतं, एकदम तुटक व्हायचं नाही, रागवायचं तर अजिबात नाही. संध्याकाळी त्यांनी विचारलंच, आणि ती म्हणाली, "अहो, तुम्हाला किती त्रास होतोय ते कळतंय मला, पण याचं उत्तर मी देणार नाही." ती नंतर मला म्हणाली की हे वाक्य बोलताना तिचेच हात थरथरत होते. त्या रात्री ते उशिरापर्यंत जागे होते, बातम्या मात्र उघडल्या नाहीत.

आता बरेच महिने झालेत. ओसीडी किती तीव्र आहे ते मोजायला आम्ही वाय-बॉक्स नावाची स्केल वापरतो, 10 प्रश्न, 0 ते 40 मार्क, त्यावर ते सुरुवातीला तीव्र गटात होते आणि आता सौम्य गटात आलेत. वाईट आठवडे येतात. ऑफिसमध्ये ताण वाढला की रिवाइंड परत सुरू होतं, मध्ये एकदा ते दोन वेळा मागे जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी फोन करून स्वतःच सांगितलं, मग तोच रस्ता आम्ही परत केला. गोळ्या चालू आहेत आणि बरं वाटल्यावरही निदान वर्षभर तरी चालू ठेवायच्या असं त्यांच्या डॉक्टरांशी ठरलंय. सगळ्यांना इतका फायदा होतोच असं नाही, काहींना औषध बदलावं लागतं, सोबत दुसरं जोडावं लागतं, क्लोमिप्रामिनसारखं जुनं औषधही काहींना चांगलं लागू पडतं, पण त्याआधी थेरपीत मनातली कृती सुटून तर गेली नाही ना हे मी आधी तपासते.

एक मोठी पायरी अजून राहिलीये. रात्रीचा पाऊस, काचेवर पाणी, बाहेरचं धड दिसत नाही, आणि शेजारच्या सीटवर कोणी नाही. फोन बंद. परवा ते स्वतःच म्हणाले की मॅडम, पाऊस सुरू झाला की पहिल्या आठवड्यातच करून टाकू, उगाच पुढे ढकलायला नको. मी वहीत तसं लिहून ठेवलंय.