तीस मीटर पळा, मग थांबा

नाशिकमध्ये धावण्याचा विषय निघाला की गप्पा लांब पल्ल्याकडे वळतात. वळणारच. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचं कांस्यपदक आणलं. तेव्हापासून पहाटे भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर पळणाऱ्या पोरापोरींच्या डोळ्यांपुढे तीच असते, आणि मला त्या सगळ्यांचा मनापासून अभिमान आहे. पण आपल्या शाळेला ऐंशीच्या दशकात पीटीचे असे एक सर लाभले, ज्यांचा जीव शंभर मीटरमध्ये होता. त्यांनी जे शिकवलं, त्यावरच मी पुढे क्रीडाशिक्षिका म्हणून उभी राहिले. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत त्याची नोंद राहावी, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

मी १९८७ च्या दहावीच्या तुकडीची. मुरमाचं मैदान, फक्कीने मारलेल्या रेघा, सरांच्या गळ्यात शिट्टी आणि हातात स्टॉपवॉच. स्पाइक्स कुणाकडेच नव्हते, बऱ्याच जणी अनवाणीच पळायच्या. सरांचा सराव बघणाऱ्याला मात्र चमत्कारिक वाटे. तीस मीटर जीव तोडून पळायचं, चालत परत यायचं आणि उभं राहायचं. चांगली तीन मिनिटं. दहा मीटरला एक मिनिट विश्रांती, हा सरांचा हिशेब. फाटकाशी थांबलेले पालक विचारायचे, "सर, पोरी नुसत्या उभ्याच दिसतात, पळवत का नाही?" सर शांतपणे सांगायचे, "दमवायचं असतं तर मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या. मला त्यांना वेगाने पळायला शिकवायचंय."

यामागचं कारण मला बी.पी.एड. करताना नीट कळलं. पूर्ण जोरात पळताना पहिल्या काही सेकंदांत स्नायू वापरतात ती ऊर्जा त्यांच्यातच तयार साठवलेली असते, क्रिएटिन फॉस्फेटच्या रूपात. हा साठा सात-आठ सेकंदांत बराचसा संपतो आणि भरून यायला काही मिनिटं लागतात. तो भरायच्या आत पुन्हा पळवलं तर मूल पळतं, घाम गाळतं, पण दर खेपेला थोडं हळू पळतं, आणि शरीराला सवय लागते ती त्या हळू पळण्याची. आजही कितीतरी शाळांत शंभर मीटरच्या मुलांना आधी पाच-सहा फेऱ्या मारायला लावतात. माझ्या मते वेगवान मुलाचं यापेक्षा मोठं नुकसान दुसरं नाही.

सर शंभर मीटरच्या मुली निवडायचे त्या खो-खोच्या संघातून. खो मिळाला की उकिडवं बसलेलं असताना जागेवरून उसळावं लागतं, आणि उठताच छाती वर आली तर समोरचा गडी हाती लागत नाही. शंभर मीटरच्या सुरुवातीला नेमकं हेच हवं असतं. पुढचा पाय रेघेपासून साधारण दोन तळपायांच्या लांबीइतका मागे, मागचा तीन. 'सेट' म्हटल्यावर कंबर खांद्यांपेक्षा जराशी वर, आणि शिट्टी होताच दोन्ही पायांनी जमीन मागे ढकलायची. नजर खाली, शरीर पुढे कललेलं, आणि ताठ व्हायचं ते हळूहळू, वीस-तीस मीटर गेल्यावर. एखादी दोन पावलांतच ताठ झाली की सर लगेच शिट्टी मारून थांबवायचे आणि परत रेघेवर बोलवायचे.

त्यानंतरचा भाग शिकवायला अवघड, कारण तिथे मुलांना जे करावंसं वाटतं तेच चुकीचं असतं. जोरात पळायचं म्हणून मुलं लांब ढांग टाकतात. पाय शरीराच्या फार पुढे, टाचेवर पडतो आणि ब्रेक लागतो. पाऊल कमरेखालीच पडलं पाहिजे, चवड्यावर पडलं पाहिजे आणि पडल्या पडल्या उचललं गेलं पाहिजे. चांगल्या धावपटूचा पाय पूर्ण वेगात जमिनीला टेकतो तो सेकंदाचा जेमतेम दहावा भाग. सर म्हणायचे, "पाय भरभर हलवू नका, जमिनीला जोरात मारा." २००० साली अमेरिकेत पीटर वेयंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास माझ्या वाचनात आला, तेव्हा मी चकितच झाले. वेगवान आणि संथ माणसं हवेतला पाय पुढे आणायला जवळजवळ सारखाच वेळ घेतात, फरक पडतो तो जमिनीवर दिलेल्या जोराचा, असं त्यात मांडलेलं होतं. मुरमाच्या मैदानावर नुसत्या डोळ्यांनी पारख करणाऱ्या आमच्या सरांनी तेच तर सांगितलं होतं.

जमिनीला मारायचं तर पायात ताकद हवी. त्यासाठी बेडूकउड्या, एका पायावरच्या उड्या, शाळेमागच्या चढावर छोट्या धावा, आणि कमरेला दोरी बांधून जुना टायर ओढणं. हे सगळं आठवड्यातून दोनदाच, मधे किमान एक दिवस सोडून. हातांवरही सरांचं बारीक लक्ष असे. कोपर मागे फेकायचं, मुठी छातीसमोर आडव्या जाऊ द्यायच्या नाहीत, जबडा सैल सोडायचा. दात आवळून पळणाऱ्या मुलीला ते लांबूनच ओळखायचे.

१९८४ च्या ऑगस्टमध्ये, आम्ही आठवीत असताना, लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचं ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतलं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं. सरांनी वर्तमानपत्र मैदानावर आणलं. बातमी वाचून दाखवली आणि त्याच दिवशी आम्हाला शेवटच्या रेघेवर छाती कशी झोकायची ते शिकवलं. निकालात धड धरतात. डोकं, हात, पाय आधी पोचले तरी उपयोग नाही. तोवर आम्ही सगळ्या हात पुढे करूनच दोरीला भिडत होतो.

शेवटच्या वीस-तीस मीटरबद्दल मी माझ्या मुलींना आवर्जून एक गोष्ट सांगते. उसेन बोल्टने २००९ साली बर्लिनला शंभर मीटरचा ९.५८ सेकंदांचा विक्रम केला, तेव्हा ६० ते ८० मीटरचा टप्पा त्याने १.६१ सेकंदांत कापला आणि शेवटच्या वीस मीटरला १.६६ घेतले. म्हणजे तोही मंदावला. शेवटी वेग कुणाचाच वाढत नाही, ज्याचा कमी घटतो तो पुढे दिसतो. शाळकरी मुलं तर तीस-चाळीस मीटरवरच आपल्या सर्वोच्च वेगाला पोचतात. तिथून पुढे जास्त जोर लावायला गेलं की खांदे वर चढतात आणि पळण्याची लय मोडते. अशा वेळी अंग सैल ठेवून तीच लय धरून ठेवणं, हे सरावानेच येतं.

आपल्याकडच्या थंडीबद्दल थोडं. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येतात तेव्हा नाशिकच्या मैदानावरही सकाळी पाय आखडलेले असतात, आणि त्याच दिवसांत शाळांची क्रीडा संमेलनं असतात. वॉर्म-अप न करता थेट शंभर मीटर पळवलं की मांडीमागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, दगा देतो. सर आधी वीस मिनिटं घ्यायचे: हलकं धावणं, गुडघे उचलून चालणं, उड्या, मग वाढत्या वेगाच्या दोन-तीन धावा. माझ्या मुलींना मी गुडघ्यांवर बसवते, जोडीदारीण घोटे धरते आणि पाठ सरळ ठेवून त्या हळूहळू पुढे झुकतात. या एका व्यायामाने हॅमस्ट्रिंगच्या दुखापती कमी होतात, हे फुटबॉलपटूंवरच्या अभ्यासांत दिसून आलं आहे. त्याला कसलंही साहित्य लागत नाही.

महोत्सवानिमित्त शाळेच्या आवारात नवं बांधकाम होणार असल्याचं कळलं. व्यवस्थापन समितीला माझी हात जोडून विनंती आहे, पूर्वेकडच्या भिंतीलगतची सरळ पट्टी मोकळी ठेवा. साठ मीटर पळायला आणि वीस-पंचवीस मीटर थांबायला, एवढी लांबी पुरे. एक लेन १.२२ मीटर रुंद असते, म्हणजे दोन लेनसाठी अडीच मीटर. फरशी किंवा पेव्हर ब्लॉक नकोत, माती-मुरूमच राहू द्या, पावसाळ्यानंतर रोलर फिरवला की झालं. फक्की आणि टायर मी आणीन. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर शिकवायलाही येईन, तेवढी परवानगी द्यावी.