होका खोटा बोलला

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटींचे जीपीएस, फिशफाइंडर दुरुस्त करणं हा माझा धंदा. होक्याकडे, म्हणजे होकायंत्राकडे, मी कधी ढुंकून बघितलं नव्हतं. त्यात बिघडायला असतं काय?

जानेवारीत एका सकाळी तात्या तांडेलांचा फोन आला. रात्री १५ सागरी मैलांवर जीपीएस मेला, म्हणून होका पूर्वेला धरून त्यांनी बोट आणली. धुक्यात दीपस्तंभाचा उजेडही दिसेना. उजाडलं तर समोर मिऱ्याचा डोंगर हवा तिथे आरे-वारेचं सुरूबन! तब्बल ५ मैल उत्तरेला.

जीपीएसचं दुखणं किरकोळ निघालं, अँटेनाची वायर गंजली होती. मी सामान आवरायला घेतलं तसे तात्या म्हणाले, "ते झालं रे, पण होका खोटा बोलतोय."

मला वाटलं, प्रवाहाने ओढलं असेल. पण हिशेब बसेना. एक अंश चुकला तर ६० मैलांवर एक मैल फरक पडतो. १५ मैलांत ५ मैल म्हणजे २० अंशांची चूक. होका दाखवतो ती चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत आपल्या किनाऱ्यावर एका अंशाचाही फरक नाही.

रात्री आभाळ निवळलं. तात्यांनी बोट बंदराबाहेर नेऊन नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, ध्रुवावर धरली. मग हात ताठ करून एक मूठ आणि वर चार बोटं मोजली. "एवढा वर असला की रत्नागिरी." खरंच की, मूठ म्हणजे साधारण दहा अंश, चार बोटं सात. ध्रुव जितके अंश वर तितका अक्षांश, आणि आपला अक्षांश १७! जुने अरब खलाशी हेच काम लाकडाची फळी आणि दातांत धरलेल्या गाठींच्या दोरीने करत. तिला कमाल म्हणत. बोटांनी ५ मैलांचा फरक कळत नाही, एका अंशाचेच ६० मैल होतात. पण दिशा? ध्रुव नाकासमोर आणि होका शून्याऐवजी दाखवतोय २०.

मी टॉर्च घेऊन केबिनमध्ये शिरलो. होक्याला चिकटून, फळीच्या पलीकडे, नवा कोरा स्पीकर. त्यातलं चुंबक चांगलं वाटीएवढं. पंधरा दिवसांपूर्वी पैसे घेऊन मीच बसवलेला.

स्क्रू काढून स्पीकर बाहेर नेला, तशी तबकडी हलली आणि शून्यापाशी येऊन थांबली. तात्या काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "मागे जाळ्यांपाशी लाव. पोरांना गाणी हवीत."

वायर माझ्या खिशातून गेली.