तू मात्र भेटलीच नाहीस

शुक्रवार, रात्री पावणेएक

सतरंज्या अजून गच्चीवरच आहेत. आणायला कुणी गेलं नाही, आणि आता मीही जाणार नाही.

माई निघताना म्हणाली, “छान केलंस हो सगळं. तू मात्र भेटलीच नाहीस.” एवढंच. रागानं नाही. माझ्या खांद्याचा आधार घेऊन चप्पल घालत होती. मी “अगं माई” म्हणाले, तेवढ्यात वरून कुणीतरी द्रोणांसाठी हाक मारली म्हणून मान वळवली. परत बघते तर ती जिन्याच्या खालच्या वळणावर पोचली होती. कठडा धरून, एकेक पायरी.

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवापायी बुधवारपासून मी धड टेकलेली नाही. तीन किलो कैऱ्या उकडून गर काढला, सव्वा किलो डाळ वाटली, हरभरे भिजवले, दहीवडे तळले, ढोकळ्याचे चार घाणे काढले, कलिंगडं चिरली. चैत्रांगण काढलं, शंख, कासव, गोपद्मं, सूर्य-चंद्र, वर पाळण्यातली गौर. त्यातच कंबर गेली. सकाळी मंडईत जाऊन मोगऱ्याचे गजरे आणले. 34 बायका आल्या. घरापासून गच्चीपर्यंत 36 पायऱ्या आहेत आणि त्या मी किती वेळा चढले हे मोजायचं मी सातव्या खेपेनंतर सोडून दिलं. रात्री साडेदहाला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या दोन घास डाळ खाल्ली, तर ती विटलेली. एकीनंही विचारलं नाही, तू काही खाल्लंस का म्हणून. आणि जिच्यासाठी जीव टाकला ती म्हणते, भेटलीच नाहीस.

आई असती तर... जाऊ दे.

शनिवार, सकाळी

धाकटीनं रात्रीच फोटो पाठवलेत. 61 फोटो. त्यांतल्या चारांत मी आहे, चारही पाठमोरी. एकात हातात परात, एकात वाकून माठाची तोटी बघतेय. माझा चेहरा कुठेच नाही. माईचं म्हणणं मला लागलं ते ते खोटं आहे म्हणून लागलं असं रात्री वाटत होतं. फोटो पाहिल्यावर तसं म्हणवत नाही.

गच्चीवर करायचं मीच ठरवलं होतं. घरात एवढ्या बायका, पंखा फिरतोय तोही गरम वारा फेकतोय, त्यात प्रत्येकीला घाईनं ओटी भरून वाटेला लावायचं. मला ते नको होतं. पुण्यात उन्हाळ्यात सूर्य कलला की पश्चिमेचा वारा सुटतो, तो घरात येत नाही, गच्चीवर येतो. त्या वाऱ्यात सगळ्यांनी निवांत बसावं, कुणी गाणं म्हणावं, एवढंच डोक्यात होतं. गच्चीचं सगळं तंत्रही सांभाळलं. स्लॅब दिवसभर ऊन पीत असतो, संध्याकाळी तो ते परत फेकतो, म्हणून पाच वाजता दोन बादल्या सडा घातला. पहिलं पाणी पडल्यापडल्या वाफ होऊन गेलं. सव्वासहाला पुन्हा एक बादली. मग फरशी सुकू दिली आणि त्यावर सतरंज्या. माठात वाळ्याची जुडी टाकून तो वारं लागेल अशा कोपऱ्यात ठेवला. इथली हवा कोरडी, माठ पाझरतो आणि पाणी गार होतं. मुंबईच्या दमट हवेत तोच माठ अर्ध्यानंही काम देत नाही. ट्यूबलाइट लावली नाही, किडे येतात. कठड्यावर समया ठेवल्या आणि वाऱ्यानं विझू नयेत म्हणून त्यांना काचा लावल्या. सगळं जिथल्या तिथे होतं, मी सोडून.

वाईला आजीच्या मागच्या अंगणात हेच हळदीकुंकू व्हायचं. शेणानं सारवलेली जमीन, तिला सडा घातला की तासाभरात बसण्याजोगी व्हायची. पदार्थ किती? आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. संपलं. काकडी असली तर काकडी. पन्हं कल्हईच्या मोठ्या पातेल्यात असायचं. आजी दरवर्षी चैत्राच्या तोंडावर कल्हईवाल्याची वाट बघायची, कारण उघड्या पितळेत कैरी कळकते. पातेल्यात पळी असायची आणि ज्याला हवं तो आपलं आपण ओतून घ्यायचा. बायका लवकर यायच्या आणि येतील तशा कामाला बसायच्या. एक कैरी किसायला, एक नारळ खोवायला, एक नुसतीच कोथिंबीर निवडत गप्पा मारायला. डाळ पाट्यावर वाटायची पाळी बहुतेक माईची असायची. फोडणी अगदी शेवटी, सगळ्यांसमोर, अंगणातल्या चुलीवर. हिंगाचा वास सुटला की आम्ही मुलं माडीवरून धावत खाली.

आणि आजी बसलेली असायची. पाटावर, उंबऱ्यापाशी, पुढ्यात करंडा, अत्तरदाणी, गुलाबदाणी, गजऱ्यांची परडी. येणारी प्रत्येक बाई तिच्या समोर गुडघे टेकून बसायची. हळद, कुंकू, हाताला अत्तर, वर गुलाबपाणी, ओटीत हरभरे. त्याला दोन मिनिटं लागायची, कधी पाच. त्यात सगळी चौकशी व्हायची. कुणाची सून बाळंतपणाला गेलीय, कुणाच्या पायाला सूज आहे, कुणाच्या घरून पत्र आलं नाही. आजी नंतर आठवडाभर त्यातलं काही काही लक्षात ठेवून कुणाकडे तरी डबा पाठवायची.

आज हे लिहिताना मला नीट दिसतंय. काल करंडा मी जाऊबाईंच्या हातात दिला. “तुम्ही लावत बसा, मी वाढायचं बघते,” असं म्हणून. ज्या एका कामासाठी 34 जणींना बोलावलं होतं तेच मी देऊन टाकलं, आणि दहीवड्यांवर चिंचेची चटणी घालत बसले. दहीवडे कुणी मागितले होते? मागच्या वर्षी समोरच्या काकूंकडे पाणीपुरी होती म्हणून मी दहीवडे केले. त्याला दुसरं कारण नाही.

जाऊबाईंनी मनापासून केलं. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

शनिवार, दुपारी

जे खरं लिहायचं ते मी दोन वेळा टाळलं.

काका गेल्यानंतरचा हा दुसरा चैत्र. गेल्या चैत्रात माईला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. मीसुद्धा नाही. तिला वाईट वाटेल असं स्वतःला सांगितलं आणि फोन केला नाही. 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला, नवरा गेला की बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, हे बंद. मग शासनानंही सगळ्या ग्रामपंचायतींसाठी परिपत्रक काढलं. तेव्हा ती बातमी मी घरात मोठ्यानं वाचून दाखवली होती. माई तेव्हा समोरच बसली होती, काकाही होते. काका म्हणाले होते, “झकास केलं.” आणि तीन वर्षांच्या आत माझ्याच घरात वेळ आली तेव्हा मी गप्प बसले.

म्हणून या वर्षी गौर बसवल्याबरोबर पहिला फोन तिला केला. म्हणाले, माई, तू यायचंस आणि कुंकू मी लावणार, माझ्या हातानं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “बघू. गुडघे काय म्हणतात ते.”

आली. 36 पायऱ्या चढून आली. ती वर पोचली तेव्हा मी खाली होते, ढोकळ्याची फोडणी करत. मी वर गेले तेव्हा ती टाकीपाशी खुर्चीवर बसली होती आणि तिच्या हातात द्रोण होता. मी लांबूनच “माई, घेतलंस ना?” म्हणाले. ती मानेनं हो म्हणाली. मी विचारलं ते डाळीबद्दल.

तिला कुंकू लागलं की नाही मला माहीत नाही.

जाऊबाईंना विचारता येईल. पण काय विचारू? लावलं नसेल तर त्या ओशाळतील, आणि दोष त्यांचा नाहीच, मी त्यांना काही सांगितलंच नव्हतं. माझ्या डोक्यात ते इतकं ठरलेलं होतं की कुणाला सांगावं हेच सुचलं नाही. 61 फोटोंमध्ये माई एकाच फोटोत आहे. कडेला, अर्धी. तो मोठा करकरून पाहिला. समईचा उजेड तिच्या गालापर्यंत येतो, कपाळावर येत नाही.

तू भेटलीच नाहीस. मी ते सकाळपर्यंत तक्रार म्हणून ऐकत होते. ती चप्पल घालायला माझ्या खांद्यावर हात ठेवून थांबली होती, जरा जास्तच वेळ थांबली होती, हे आत्ता आठवतंय. काहीतरी सांगणार होती का? की नुसतीच वाट बघत होती?

शनिवार, रात्री

सतरंज्या आणल्या. वर अर्धा तास बसले. फरशी अजून कोमट होती, वारा चांगला होता, कुठूनतरी आंब्याच्या पेटीतल्या गवताचा वास येत होता. एकटीच होते, आणि काल ज्यासाठी एवढा आटापिटा केला ते तिथे आपोआप होतं.

रडून झालंय. आता स्वतःची कीव येत नाही. मी दमले ते खरं, पण मला कुणी दमवलं नव्हतं. पुढच्या वर्षी कसं करायचं हे मनात जुळवत बसले होते आणि अवघड काहीच नाही. पन्ह्याचा गर दोन दिवस आधी करून ठेवायचा, एक वाटी गराला दोन वाट्या गूळ, वेलची, किंचित मीठ. फ्रीजमध्ये त्याला काही होत नाही. आयत्या वेळी माठातलं पाणी घालायचं आणि पळी ठेवून बाजूला व्हायचं. हरभरे आदल्या रात्री. डाळ मात्र लवकर भिजवायची नाही. काल सकाळी सातलाच भिजवली, बाराला वाटून नारळ-कैरी घालून ठेवली, तिथेच घात झाला. एवढ्या उन्हाळ्यात वाटलेली डाळ रात्रीपर्यंत कशी टिकेल? दुपारी बाराला भिजवून साडेचारला वाटायची, आणि कैरी, नारळ, फोडणी सगळं वर, येतील त्यांच्या हातानं. कुणाला काम सांगितलं की पाहुण्याचा अपमान होतो असं मला कधीपासून वाटायला लागलं कोण जाणे. वाईला तर हातात किसणी नसलेली बाई अवघडून बसायची. पळसाचे द्रोण आधीच वर नेऊन ठेवायचे. खाण्यात तिसऱ्याच्या पुढे चौथा पदार्थ नाही. आणि करंडा माझ्या पुढ्यात. वाढणं दुसऱ्या कुणीही करावं, चुकलं तरी चालेल.

पण पुढचं वर्ष म्हणजे फार लांब आहे. माई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे.

रविवार

गौर अक्षय तृतीयेपर्यंत बसलेली असते. म्हणजे अजून 7 दिवस आहेत. हे मला परवापासून माहीत होतं आणि सुचलं आज पहाटे.

नऊ वाजता फोन केला. कुंकवाचं विचारायचं असं ठरवलं होतं, विचारता आलं नाही. म्हणाले, “माई, मंगळवारी संध्याकाळी येतेस? कुणी नाहीये, आपण दोघीच. मी न्यायला येते रिक्षा घेऊन. वर नको चढायला, खालीच बसू, पारिजातकापाशी खुर्च्या टाकते.”

“कशाला गं आता? झालं ना परवा.”

“माझं नाही झालं.”

ती थांबली. मागे तिच्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

“डाळ उरलीय का?”

“नाही गं. विटली. टाकली.”

“मी द्रोण हातात घेतला तेव्हाच वास आला होता,” माई म्हणाली. “मग असं कर. कैरी आणून ठेव. किसते मी येऊन. तू वाट, आणि भरड ठेव, परवा फार बारीक झाली होती. आणि तो करंडा असू दे जवळ.”

मी हो म्हणाले. आणखी काही बोलता आलं नाही, तिनंही बोलू दिलं नाही, कुकर बंद करायचाय म्हणून फोन ठेवला.

संध्याकाळी जाऊन दोन कैऱ्या आणल्या. तोतापुरी मिळत होत्या, त्या नाही घेतल्या. माईला आंबट लागते.