घाट उतरण्याआधी

दरवर्षी इंटर्नशिप संपली की एक-दोन नवे डॉक्टर माझ्या नाशिकमधल्या प्राण्यांच्या क्लिनिकमध्ये काम शिकायला येतात. कुणी शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून, कुणी परळच्या, कुणी परभणीच्या. गाय-म्हैस तपासताना त्यांचा हात छान चालतो. पण रात्री गंगापूर रोडवरून कुणी आडवा पडलेला ग्रेट डेन कुत्रा चादरीत घालून आणला, की पहिला प्रश्न येतो, "मॅडम, काय झालं असेल?"

ही सवय मोडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. काय झालंय ते नंतर पाहू. श्वास कसा आहे? हिरड्या गुलाबी की पांढऱ्या? बोटाने दाबून सोडल्यावर रंग परत यायला २ सेकंदांपेक्षा जास्त लागतात का? मांडीतली नाडी लागते का? हे सगळं मिनिटभरात, आणि हिस्टरी, म्हणजे आधी काय घडलं ती माहिती, दुसऱ्याने घ्यायची. कुत्र्याचे पालक रडत असतात, सांगताना परवाच्या लसीपासून सुरुवात करतात. त्यांचं ऐकायचं, पण हात थांबवायचे नाहीत.

त्या ग्रेट डेनचंच घ्या. पोट ताणलेलं, ओकाऱ्या येतायत पण बाहेर नुसता फेस. जठर फुगून त्याला पीळ पडलाय, हे चौथ्या वर्षाच्या मुलालाही ओळखता येतं. गडबड पुढे होते. समोर दिसेल ती शीर धरायची म्हणून मुलं मागच्या पायात सलाइन लावतात. फुगलेल्या जठराने पोटातली मोठी नीला दाबून धरलेली असते, मग मागून दिलेलं सलाइन हृदयापर्यंत नीट पोचणार कसं? म्हणून पुढच्या दोन्ही पायांत, बसेल तेवढी जाड कॅन्युला, म्हणजे शिरेत घालायची नळी. शॉकमधल्या, म्हणजे रक्ताभिसरण कोसळलेल्या, कुत्र्याचा सलाइनचा पूर्ण डोस किलोमागे ९० मिली, म्हणजे ४० किलोच्या कुत्र्याला ३,६०० मिली. पण तो एकदम ओतायचा नाही. पाव डोस, म्हणजे ९०० मिली, पंधरा मिनिटांत द्यायचा आणि पुन्हा हिरड्या, पुन्हा नाडी. सोबत जठरातला वायू काढायचा. तोंडातून नळी गेली तर उत्तम, नाही गेली तर पोटावर टिचकी मारल्यावर जिथे सगळ्यात पोकळ आवाज येतो तिथले केस काढून, जागा स्वच्छ करून जाड सुई.

यातलं काहीच न करता "मुंबईला घेऊन जा" असं सांगणं सोपं असतं. इथून मुंबई साधारण १७० किलोमीटर, पुणे २१०. शॉकमधला कुत्रा गाडीत टाकून कसारा घाट उतरायला सांगणं म्हणजे जबाबदारी झटकणं, असं माझं स्पष्ट मत आहे. रेफर जरूर करा, पण आधी स्थिर करा.

परदेशी पुस्तकातले काही धडे नाशिकमध्ये वेगळे वाचावे लागतात. द्राक्षांचंच बघा. द्राक्षं आणि बेदाणे खाऊन कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, हे दिंडोरी-निफाडच्या बागायतदाराला सांगितलं की तो हसतो. "अहो डॉक्टर, आमचा टायगर मळ्यातच वाढलाय." त्याचंही खोटं नाही, सगळ्याच कुत्र्यांना त्रास होत नाही. किती खाल्ली की होईल याचा ठोकताळा नाही, हीच अडचण. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. आपण काय करायचं? खाल्ल्याला थोडाच वेळ झाला असेल आणि कुत्रा शुद्धीत असेल तर उलटी करवायची, सलाइन चालू करायचं, किडनी कशी चालते ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन रोज बघायचं. दिसायला बरा आहे म्हणून घरी पाठवायचा नाही.

कांद्याचं उलट. तिथे त्रास दोन-चार दिवसांनी दिसतो. तांबड्या पेशी फुटतात, हिरड्या फिकट होतात, लघवी कॉफीसारखी होते. चाळीतला सडका कांदा खाल्लेल्या गाईचं आणि भज्यांच्या पिठावर ताव मारलेल्या लॅब्राडोरचं दुखणं एकच.

बागेतल्या फवारणीची केस आली की आधी हातमोजे. लाळ, जुलाब, टाचणीच्या टोकाएवढी झालेली डोळ्याची बाहुली, म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाचा संशय. त्यावरचा उतारा ॲट्रोपीन सगळ्यांना माहीत असतो, थांबायचं कधी ते माहीत नसतं. बाहुलीकडे बघत बसू नका, छातीला स्टेथोस्कोप लावा. घरघर कमी झाली, हृदयाची गती सावरली, की हात आखडता घ्यायचा. आणि फवारणीच्या औषधाची बाटली घेऊन या म्हणून घरच्यांना पिटाळायचं, कारण प्रत्येक फवारणीवर ॲट्रोपीन हा उतारा नाही.

सीपीआर, म्हणजे बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालू करणं, मी पोत्यात जुन्या चादरी कोंबून केलेल्या 'मोत्या'वर शिकवते. कुशीवर झोपवून मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती तिच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत दबली पाहिजे, दर वेळी पूर्ण वर आली पाहिजे, आणि श्वासनलिकेत नळी घातलेली असेल तर दर सहा सेकंदांना एक श्वास. २ मिनिटं झाली की माणूस बदलायचा. २०१२ साली आलेल्या आणि २०२४ मध्ये सुधारलेल्या प्राण्यांच्या सीपीआरच्या 'रिकव्हर' मार्गदर्शक सूचना हेच सांगतात. जिममध्ये जाणारी मुलंही दीड मिनिटात घामाघूम होतात, तेव्हा माणूस का बदलायचा हे वेगळं समजवावं लागत नाही.

"मॅडम, सर्टिफिकेट मिळेल का?" असं दर बॅचला कुणीतरी विचारतंच. नाही मिळणार. मोठ्या शहरांतल्या कार्यशाळा जरूर करा, व्हेंटिलेटर आणि ब्लड गॅस मशिन तिथेच बघायला मिळेल. पण माझ्याकडे ऑक्सिजनचा सिलिंडर आहे, ईसीजी आहे, एक जुनं अल्ट्रासाउंड आहे, आणि रात्रपाळी आहे. पुढचा रविवार लघवी अडकलेल्या बोक्यांचा. रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय मंदावलेलं असताना थेट कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालायला धावायचं नाही, आधी ईसीजी लावून कॅल्शियम ग्लुकोनेट हळूहळू शिरेतून. येताना प्रत्येकाने आपापला स्टेथोस्कोप आणायचा, माझा मागायचा नाही.