शिलाई मशीनखालची जागा

बॉबीन ही कुत्री आमच्या घरी आली त्या दिवशी तिने १९ तास लघवी केली नाही. पाण्याला तोंडही लावलं नाही. भटक्या कुत्र्यांच्या शेल्टरमधल्या ताईंनी तिला गाडीतून उतरवून पट्टा माझ्या हातात दिला. ती अंगण, ओटा, बाहेरची खोली ओलांडून थेट माझ्या शिलाई मशीनखाली शिरली. पायडलच्या मागे, भिंतीला पाठ लावून. तिथे जेमतेम दीड-दोन फूट जागा. त्यात ती इतकी गोल वळून बसली की लेक म्हणाला, "आई, बॉबीन दिसतेय ती." मशीनच्या खालच्या दोऱ्याची ती गोल फिरकी, तेच नाव पडलं.

आम्ही साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला राहतो. बावीस वर्षं मी घरी ब्लाउज शिवते. फॉल-पिको, अस्तर, लग्नसराईत रात्री बारापर्यंत मशीन चालू. घरात आम्ही चौघं: हे, नववीतला लेक, मी आणि माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते. गेल्या जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेल्यावर, बॉबीन आली.

ती गावठी कुत्री. दातांवरून डॉक्टरांनी वय तीनच्या आसपास सांगितलं. हायवेवर गाडीने उडवलं होतं. मागचा डावा पाय मोडून वाकडाच जुळला. पाच महिने ती शेल्टरमध्ये होती. डाव्या कानाच्या टोकाला व्हीसारखी खाच आहे. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, "अगं बाई, कान कुणी कापला?" कुणी छळ केलेला नाही. नसबंदी झाली की भूल असतानाच कानाला ती खूण करतात, म्हणजे रस्त्यावरची कुत्री लांबूनही ओळखता येते आणि तिला दुसऱ्यांदा पकडत नाहीत. मी हे इतक्या जणींना सांगितलंय की आता माप घेता घेताच सांगून होतं.

पहिल्या दिवशी आम्ही सगळे मशीनसमोर उकिडवे बसलो होतो. लेक बिस्किट दाखवतोय, हे चुचकारताहेत, मी "ये गं बाळा, ये" करतेय. बॉबीन थरथरत होती. आत्या कॉटवरून सगळं बघत होत्या. त्या माण तालुक्यातल्या, माहेरी शेरडं-मेंढरं, दावणीला म्हशी. त्या म्हणाल्या, "उठा सगळी तिथनं. नवी म्हस बाजारातनं आणली की आठ दिस तिच्याम्होरं कुणी जात न्हाई. वैरण टाकायची, पाणी ठेवायचं, आपल्या कामाला लागायचं. तिला आधी घराचा वास कळूं द्या."

मी नंतर डॉक्टरांनाही विचारलं, पुष्कळ वाचलंही. सगळ्याचं सार आत्यांच्या त्या चार वाक्यांत होतं. आपण प्रेमाने जवळ जातो. तिला मात्र तीन अनोळखी मोठी जनावरं तोंडावर वाकून, डोळ्यांत डोळे घालून बघताना दिसतात. कुत्र्यांच्या भाषेत तो दम देणं आहे. आम्ही उठलो. मी मशीनपासून जरा लांब पाटावर बसून हातशिलाई घेतली, तिच्याकडे पाठ करून. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, गल्लीत कुणी नसताना, हे तिला शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर घेऊन गेले. ओली माती मिळाली आणि तिने लघवी केली. यांनी घरी येऊन ते जितक्या आनंदाने सांगितलं, तितक्या आनंदाने मी यांना क्वचित बोलताना ऐकलंय.

खाणं शेल्टरमधलंच पुढे चालू ठेवलं, भात आणि उकडलेलं चिकन, मीठ-मसाला काही नाही. जागा बदलली, माणसं बदलली, त्यात ताटही बदललं तर पोट बिघडतंच. पंधरा दिवसांनी हळूहळू लाल भोपळा, नाचणीची आंबील, थोडं दही सुरू केलं. कांदा-लसूण घातलेलं काही द्यायचं नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बेदाण्यांचं मला माहीत नव्हतं. शेजारचा छोटा प्रेमाने प्रसादाचा शिरा घेऊन आला, आणि नशिबाने मी आधी डॉक्टरांना फोन केला. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक असतात, थोडेसेसुद्धा. ज्यांच्या घरी सत्यनारायण, संकष्टी होते त्यांनी हे नक्की लक्षात ठेवा.

आता माझी चूक. तिच्या अंगाला शेल्टरचा, ओल्या पोत्यासारखा वास होता. तिसऱ्या दिवशी मी तिला न्हाणीघरात नेलं. ती नाही म्हणत होती, आणि ते आता मला स्पष्ट आठवतं. तिने तोंड फिरवलं. जीभ काढून नाक चाटलं. जांभई दिली. मला वाटलं झोप आलीय. डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसायला लागलं, अंग ताठ झालं, तरी मी तांब्या ओतला. तिने हातावर दात मारला. चावा नाही म्हणता येणार, पण कातडी सोलवटली. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं हात धुतला. तिला रेबीजची लस टोचलेली होती, कार्डावर शिक्का होता, तरी डॉक्टरांनी इंजेक्शनं घ्यायला सांगितली आणि मी घेतली: पहिल्या दिवशी, मग ३, ७, १४ आणि २८व्या दिवशी. यात हयगय करू नये. रेबीज एकदा दिसायला लागला की औषध उरत नाही. त्या दिवशी हे म्हणाले, "परत देऊया का?" मी नाही म्हटलं. तिने पाच वेळा सांगून बघितलं होतं, सहाव्या वेळी दात लावला. नंतरचे दीड महिने ओल्या फडक्याने पुसून काढलं, तेवढं पुरलं.

दुसऱ्या आठवड्यात ती जेवेना. हिरड्या फिकट पडल्या. रक्त तपासलं तर गोचीड ताप, प्लेटलेट्स जेमतेम ६२ हजार. रस्त्यावरून आलेल्या कुत्र्यांमध्ये हा फार आढळतो. गोचीड अंगावर दिसत नसला तरी ताप आत असू शकतो. आणल्या आठवड्यातच रक्त तपासून घ्यायला हवं होतं. २८ दिवसांच्या गोळ्या दिल्या, उकडलेल्या अंड्याच्या पिवळ्या बलकात लपवून, जेवणानंतर. एकही दिवस चुकला नाही, कारण लेकाने कॅलेंडरवर खडूने खुणा केल्या होत्या, माझ्याच शिलाईच्या खडूने.

आणि त्याच आजारपणात ती पळाली.

यांनी तिला गेटपाशी उभं केलं होतं. टेम्पोवाल्याने गॅसचा सिलिंडर रस्त्यावर आपटला. बॉबीन मागे सरकली, मान आखडली, पट्टा डोक्यावरून निघाला आणि यांच्या हातात नुसता पट्टा राहिला. संध्याकाळचे सहा, पाऊस. आम्ही तिघं ओरडत मागे धावलो, गल्लीतली पोरं धावली, कुणीतरी मोटारसायकल काढली. जितके आम्ही धावलो तितकी ती लांब गेली, त्या वाकड्या पायावर, किल्ल्याच्या झाडीकडे. मग दिसेनाशी झाली.

भिजून घरी आलो तेव्हा आत्या दारातच होत्या. त्या वारकरी. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही गोष्ट त्यांनी लेकाला लहानपणापासून सांगितलेली. लेक रडत होता. रडतारडता म्हणाला, "आजी, नामदेव मागं पळत आल्यावर ते कुत्रं घाबरलं नसेल?" आत्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "घाबरलं असंल बाळा. देव होता म्हणून थांबलं."

त्यांनीच मशीनखालची गोधडी काढायला लावली. ती मी गिऱ्हाइकांच्या उरलेल्या चिंध्यांची शिवली होती, आणि तिला बॉबीनच्या अंगाचा वास चांगला बसला होता. गेट सताड उघडं ठेवलं. ओट्यावर पागोळ्या लागत नाहीत तिथे गोधडी अंथरली, शेजारी कोमट चिकनचं पाणी ठेवलं. गल्लीतल्या पोरांना हात जोडून घरी पाठवलं. दिवा एकच, आणि आम्ही सगळे आत. मला झोप येणं शक्यच नव्हतं. मी मशीनवर बसले आणि शिवायला घेतलं. रोजचा आवाज असू दे म्हटलं, ऐकू गेला तर जाईल. रात्री अडीचला ओट्यावर नखांची टकटक झाली. मी पायडल थांबवला नाही, मान वळवली नाही. ती गोधडीवर थांबली नाहीच. उघड्या दारातून आत आली, माझ्या पायांना घासून, ओली गार, आणि पायडलच्या मागे जाऊन बसली. माझे हात कापत होते. त्या ब्लाउजची बाही सकाळी उसवून परत शिवावी लागली.

दुसऱ्या दिवशी हार्नेस आणला, म्हणजे छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा. तेव्हापासून बाहेर जाताना हार्नेसला एक दोरी आणि गळ्यातल्या पट्ट्याला एक, दोन्ही एकाच हातात. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकाच सैल ठेवायचा. गळ्यात लेकाचा आणि माझा नंबर कोरलेला बिल्ला.

तिला सगळ्यात जास्त भीती माझ्या लाकडी पट्टीची होती. कापड बेतायला मी सहज हातात घेतली तर बॉबीन फरशीवर सपाट झाली आणि खाली ओलं झालं. कुणीतरी काठीने मारलं असणार, किती वेळा ते तिलाच माहीत. पट्टी मी कपाटावर टाकली आणि तीन महिने नुसत्या टेपवर कापड बेतलं. मग एकदा पट्टी अशीच जमिनीवर ठेवली, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आणि पट्टीपासून हातभर अंतरावर उकडलेल्या काळजाचे नखाएवढे तुकडे टाकले. पहिल्या दिवशी तिने ते घेतले नाहीत. चौथ्या दिवशी मान लांब करून, मागचे पाय जागेवरच ठेवून, एक घेतला. रोज तुकडे बोटभर जवळ. एकोणिसाव्या दिवशी मी ते थेट पट्टीवर ठेवले, इंचांच्या खुणांवर ओळीने. तिने एकेक उचलला, शेवटी पट्टी चाटून घेतली. पट्टी अजून मी तिच्यासमोर उंच करत नाही. जमिनीवर ठेवूनच रेघ मारते. गुडघे दुखतात, पण जमतं.

कुकरच्या शिट्टीचंही तसंच. लेकाने शिट्टी मोबाईलवर रेकॉर्ड केली आणि तिच्या जेवणाच्या वेळी अगदी बारीक आवाजात वाजवायला लागला, दर दोन-तीन दिवसांनी जरासा मोठा. महिनाभरात खरी शिट्टी झाली तरी ती कान हलवून पुन्हा झोपायला लागली. हे सगळं त्याच्या डोक्यातून निघालं. त्याने आणखीही एक पाळलं. तिला मिठी मारायची नाही. छातीपाशी तीन वेळा खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. तिने नाकाने हात ढकलला तर पुन्हा. नाही ढकलला तर त्या दिवशी तेवढंच. पंधरा वर्षांच्या मुलाला हे सोपं नाही.

तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा सांगतात: तीन दिवसांत भेदरलेपण ओसरतं, तीन आठवड्यांत घराची वेळ कळते, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. बॉबीनने तो पाळला नाही. पाच महिन्यांनी दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीसाठी डॉक्टरांकडून आधीच गोळी लिहून घेतली होती. माणसांची गोळी आपल्या मनाने कधीही देऊ नका. संध्याकाळी उजेडातच तिला फिरवून आणलं. खिडक्या लावल्या, पडद्यांवर सतरंज्या टाकल्या, आणि फटाके सुरू झाले तसं मशीन सुरू केलं. दिवाळीचे ब्लाउज सगळे देऊन झाले होते, शिवायला काही नव्हतं. मी चिंध्या जोडत बसले. साडेअकरापर्यंत पायडल चालू, आणि माझ्या पावलांवर तिची हनुवटी. दुसरी गोधडी त्या रात्री अर्धी झाली.

अजून तिला गाडीत बसायला जमत नाही. गाडीचं दार दिसलं की लाळ गळायला लागते. जून आला की वर्षाची रेबीजची लस आहे, दवाखाना चार किलोमीटर. म्हणून गेले तीन आठवडे रोज संध्याकाळी आम्ही गाडीत बसतो. मागच्या सीटवर ती दुसरी गोधडी, तिच्यावर बॉबीन, शेजारी मी. गाडी बंद, दारं उघडी. मी बटणं-हुक लावायचं काम घेऊन बसते. परवा यांनी इंजिन सुरू करून लगेच बंद केलं. काल चालू ठेवलं. आज गेटपर्यंत नेली आणि परत मागे घेतली. तिला लाळ आली, पण थोडीच, आणि खाली उतरल्यावर तिने काळीज खाल्लं.