सातबाऱ्यावरचं झुडूप

धानाच्या रोवणीच्या दिवसांत टोलीवर, म्हणजे माझ्या वॉर्डातल्या वस्तीत, दिवसा कुणी सापडत नाही. म्हणून नगरपंचायतीच्या सभेच्या आदल्या रात्री आठ वाजता गेले आणि सांगून आले, उद्या तुमच्या पट्ट्याचा, म्हणजे जागा नावावर करून देण्याच्या कागदाचा, विषय आहे. टोलीवर ३८ घरं आहेत. आमचं गाव ग्रामपंचायत होतं तेव्हापासूनची. नगरपंचायत झाल्यावर रोजगार हमीचं काम गेलं, घराचा टॅक्स वाढला, आणि शहरी घरकुलाचे अडीच लाख मिळायचे तर जागा नावावर पाहिजे. जागा सरकारची. निवडणुकीत 'पट्टा मिळवून देईन' हाच शब्द दारोदारी देत फिरले होते मी.

घरी येऊन ठरावासोबत जोडायचे कागद लावायला बसले. पटवाऱ्याने दिलेला सातबारा चार दिवस माझ्या पिशवीत होता. गट नंबर जुळतो, क्षेत्र जुळतं, एवढंच मी पाहिलं होतं. त्या रात्री पहिल्यांदा नीट वाचला. त्यावर लिहिलं होतं: झुडपी जंगल.

पूर्व विदर्भाबाहेरच्या माणसाला यात घाबरण्यासारखं काय, ते कळणार नाही. मध्य प्रांताच्या काळात नांगर चालत नाही, झाडही मोठं होत नाही, अशा मुरमाड पडीक जागेला महसूल दप्तरात हे नाव पडलं. लोक तिथे गुरं चारायचे, सरपण आणायचे. पुढे त्यावरच शाळा, दवाखाने, स्मशानं, वस्त्या झाल्या. टोलीवर आज झुडूप म्हणाल तर तुळस आणि मेंदीचं कुंपण. पण २२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की झुडपी जंगल हे वनच आहे. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी सक्षम अधिकाऱ्याने ज्या जमिनी दिल्या, त्यांच्यासाठी राज्याने केंद्राकडे मंजुरी मागायची. निकालाची बातमी मी वाचली होती. ती माझ्याच वॉर्डाची आहे, हे मात्र डोक्यात शिरलं नव्हतं.

सकाळी साडेनऊला मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये गेले. ते कागद पाहून म्हणाले, "मॅडम, पट्टे द्यावेत असा सरळ ठराव केला तर जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली स्थगित करतील."

बाजूला आमचे एक जुने सदस्य बसले होते. "होऊ द्या ना जी स्थगित," ते म्हणाले. "आपण तं देला ना! लोकायले सांगू, कलेक्टरनं अडवला."

खोटं कशाला बोलू, मोह झाला. टाळ्या पडल्या असत्या, फटाकेही फुटले असते, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत शिव्या कलेक्टर ऑफिसने खाल्ल्या असत्या. पण निकालातला 'दिल्या' हा शब्द मला टोचत होता. टोलीवर कुणाला दिली आहे, आणि कोण नुसतं बसलं आहे?

सभा दोनला होती. फोन केले. बाराच्या सुमारास लोक धानाच्या बांधीतून थेट ऑफिसात आले, पोटऱ्यांपर्यंत चिखल, हातात पॉलिथिनच्या थैल्या. शिपायाने फरशीकडे पाहून तोंड वाकडं केलं. मी चहाच्या टेबलावर थप्प्या लावायला सुरुवात केली. टॅक्सच्या पावत्या, लाइटबिलं, रेशनकार्डं, एकाने तर मुलाच्या शाळेचा दाखला आणला होता. तहसीलचा खरा पट्टा निघाला सात जणांकडे, १९८७ चा, घड्यांवर फाटलेला. चौघांना जुन्या इंदिरा आवासमध्ये घर मिळालं होतं. सरकारने घर बांधायला पैसे दिले म्हणजे जागा दिली का? मुख्याधिकारी म्हणाले, "हे वर विचारावं लागेल."

उरले २७. त्यातल्या बऱ्याच जणांची घरं १९९६ च्या आधीची, पण कागद फक्त टॅक्सचा. एका म्हाताऱ्या मावशीला मी विचारलं, "जागा कोणी दिली होती?" ती म्हणाली, "मले कोनं देली नाई. अन् मी कोनाची घेतलीबी नाई." एवढं सरळ उत्तर मी त्या टेबलावर दुसरं ऐकलं नाही, आणि ते लिहायला माझ्याकडे रकाना नव्हता.

ठराव तिथेच बसून नव्याने लिहिला. सात पट्टे केंद्राच्या मंजुरीच्या प्रस्तावात घ्यावेत, अशी शिफारस. चार घरकुलांबद्दल मार्गदर्शन मागायचं. बाकी २७ जणांची ताब्याच्या पुराव्यासह यादी जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायची, आणि निर्णय होईपर्यंत पाणी, रस्ता, दिवा बंद करायचा नाही. शेवटच्या ओळीसाठी मी सगळ्यात जास्त भांडले, कारण आमच्या हातात खरोखर तेवढंच होतं.

सभेत सूचक मी. अनुमोदक मिळायला वेळ लागला. आमच्या गटालाही हा ठराव पांचट वाटत होता. शेवटी विरोधी बाजूच्या एका ताईंनी हात वर केला. त्यांच्या माहेरचं घर झुडपीवर आहे, हे मला नंतर कळलं. सतरापैकी चौदा हजर, मंजूर व्हायला सहा मिनिटं. पुढे कचरागाडीच्या डिझेलवर पाऊण तास वाद चालला.

संध्याकाळी टोलीवर गेले. पट्टेवाले सात जण खूश, बाकीचे गप्प. एकाने विचारलं, "म्हनजे आमचं नाईच झालं ना जी?" मी म्हटलं, नाही झालं. यादी गेली आहे. तो उठून आत गेला.

मावशी कंदील पुसत बसली होती, लाइट गेली होती. "माहा नंबर कितवा?" मी मोबाइलच्या उजेडात यादी पाहिली. एकवीस.

"नाव तं बरोबर लिवलं ना?"

टॅक्सच्या रजिस्टरवरून यादी उतरवलेली. एकवीसवर तिच्या नवऱ्याचं नाव होतं. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. मी तिच्याकडून मृत्यूचा दाखला मागितला, तर ती पेटी उघडून पुन्हा तीच थैली शोधायला लागली.